डेटवर बिल कोणी भरायचं? पहिल्या कॉफीपासून पहिल्या ट्रिपपर्यंत पैशाचं कसं जमवायचं

डेटवर बिल कोणी भरायचं हे मला ऑफिसमधल्या ज्युनियर मुलींपासून गावाकडच्या मावसभावापर्यंत सगळेच विचारतात, आणि विचारताना प्रत्येकाच्या डोळ्यासमोर एकच सीन असतो, वेटर बडीशेप आणि बिल ठेवून गेलाय आणि दोघंही फोनमध्ये बघायचं नाटक करतायत. तिथपर्यंत गोष्ट आली म्हणजे उशीर झालेलाच असतो. बिलाचं जे काय ठरायचं ते जागा ठरवताना ठरतं, म्हणजे टेबलवर बसायच्या दोन दिवस आधी चॅटवर. म्हणून मी पण तिथूनच सुरू करते, खरं तर त्याच्याही थोडं आधीपासून.

आधी स्वतःचा आकडा काढा

समजा इन हँड ३२,००० येतात. कोथरूडला शेअरिंग फ्लॅटचं भाडं ९,०००, मेस ३,५००, घरी पाठवायचे ६,०००, पेट्रोल आणि रिचार्ज २,५००, एसआयपी नाहीतर आरडी ३,०००. झाले २४,०००. उरलेल्या आठ हजारात कपडे, डॉक्टर, मित्राच्या लग्नाचा आहेर, गावी जायचं तिकीट, सगळं बसवायचंय, तेव्हा भेटीगाठींसाठी महिन्याला २,५०० च्या वर जाऊ नका. चार भेटी धरल्या तर एका भेटीला सहाशेच्या आसपास. हा आकडा कमी वाटतोय म्हणून लाज वाटून घेऊ नका, सहाशेत दोघांची संध्याकाळ छान होते, फक्त कुठे ते माहीत पाहिजे.

क्रेडिट कार्डची लिमिट या हिशोबात धरायचीच नाही. आणि नवीन माणसासमोर सुरुवातीला जेवढा खर्च दाखवाल तेवढाच पुढे अपेक्षित धरला जातो, त्यात समोरच्याची चूक नसते, त्याला किंवा तिला वाटतं की याला हे सहज परवडतं. पहिल्या महिन्यात कोरेगाव पार्कला दोन-दोन हजारांची डिनर आणि तिसऱ्या महिन्यात अचानक कारणं सांगणं, हे मी जवळच्या लोकांत होताना बघितलंय आणि त्यात चांगली जमत आलेली नाती विनाकारण बिघडली.

जागा ठरवताना काय बोलायचं

माझा नियम साधा आहे, ज्याने बोलावलं त्याने पहिलं बिल भरायचं आणि तसं बोलावतानाच सांगून टाकायचं. मुलगा की मुलगी हा प्रश्न यात येत नाही. दोघं मुलं असतील किंवा दोघी मुली असतील तरी हाच नियम चालतो, उलट तिथे तर 'मुलानेच द्यायचं' हा जुना आधारच नसतो म्हणून हा नियम जास्त उपयोगी पडतो. मेसेज असा काहीतरी करा: "शनिवारी पाचला गुडलकला भेटूया का? बन मस्का आणि चहा माझ्याकडून." बस, एवढंच. यात जागा आली, वेळ आली, साधारण किती खर्च होणार ते आलं आणि कोण देणार ते पण आलं. समोरच्याला पाकिटात किती आहेत हे आठवत यायची गरज नाही.

टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, हवं असेल तर तेही इथेच सांगा, "भेटू, पण टीटीएमएम हां, मला तसंच बरं वाटतं." हे ऑर्डरच्या आधी सांगितलं तर कोणालाच वाईट वाटत नाही, बिल आल्यावर सांगितलं की मात्र समोरचा मनात हिशोब लावत बसतो की आपण जास्त मागवलं का काय.

पहिली भेट छोटी ठेवा. चहा-कॉफी, फार तर एखादं सँडविच, तासाभरात उठता येईल असं. डिनर ठेवलं की दीड-दोन तास अडकलात, आणि गप्पा जमत नसतील तर पैसे गेल्याचं दुःख वेगळंच. पुण्यात वैशाली, गुडलक, एफसी रोडच्या कुठल्याही साध्या कॅफेत भागतं, मुंबईत एखादं इराणी हॉटेल आणि नंतर मरीन ड्राईव्ह, कोल्हापूरला रंकाळा, नागपूरला फुटाळा, इथे फिरायला काही लागत नाही आणि खायला जे लागतं ते दोघांनाही झेपतं. बालगंधर्वला नाहीतर दीनानाथला नाटक बघायचं असेल तर तिकिटं आधी काढावी लागतात, तेव्हा ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला ठेवा, आणि एकाने तिकीट काढलं तर मध्यंतरातला बटाटावडा आणि नंतरचं जेवण दुसऱ्याने बघायचं.

जागा निवडताना दोघांपैकी ज्याचं उत्पन्न कमी त्याला परवडेल अशी निवडायची, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जास्त कमावणाऱ्याला स्वस्त जागी बसून काही तोटा होत नाही, कमी कमावणाऱ्याला महाग जागी बसून मेन्यूकार्डच्या उजव्या बाजूनेच वाचावं लागतं आणि मग बोलण्यात लक्ष राहत नाही. समोरच्याचा पगार माहीत नसतो हे मान्य, पण शिकतोय का, ट्रेनी आहे का, एमपीएससी-यूपीएससीची तयारी चाललीय का एवढं तर पहिल्या आठवड्यात कळतंच ना. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यास करणाऱ्या मुलाला रूफटॉपला बोलावून "अर्धे अर्धे करू" म्हणणं हे मला तरी बरोबर वाटत नाही.

समोरून आलेली जागा परवडणारी नसेल तर सरळ सांगा: "ती जागा माझ्या बजेटच्या बाहेर जाते, आपण जेएम रोडला बसूया का?" कारणं शोधू नका. तब्येत बरी नाही, ऑफिसमध्ये काम आलं, असली कारणं दोनदा दिली की समोरच्याला वाटतं तुम्हाला भेटायचंच नाहीये. बजेट सांगितल्यावर जर कोणी नाक मुरडलं तर ते पहिल्या आठवड्यातच कळलं हे चांगलंच झालं.

अजून एक खर्च आहे जो बिलात कुठेच दिसत नाही, येण्याजाण्याचा. विरारहून वांद्र्याला किंवा निगडीहून कॅम्पला येणाऱ्याचा वेळ आणि पैसा दोन्ही जातात, तेव्हा एकदा इकडे एकदा तिकडे नाहीतर सरळ मध्यावर भेटा. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच असतं, रात्री साडेदहाला एकटी निघाली की शेअर रिक्षा किंवा गर्दी संपलेली लोकल नको वाटते, कॅबच करावी लागते, आणि कधी कधी त्या कॅबला दोघांच्या जेवणापेक्षा जास्त पैसे पडतात. मुलांनो, हे लक्षात ठेवा, भेट लवकरची ठेवा. आणि "तू काहीच खर्च केला नाहीस" असं म्हणायच्या आधी ती घरून कशी आली आणि कशी जाणार ते विचारा.

बिल आलं, आता काय

बोलावणाऱ्याने उचलायचं. समोरच्याने एकदा मनापासून विचारायचं, "अर्धे देऊ का?" उत्तर नको आलं की "ठीक आहे, पुढच्या वेळी माझ्याकडून" म्हणून विषय संपवायचा. आपल्याकडे घरात मोठी माणसं काउंटरवर एकमेकांचे हात धरून "अहो मी देतो, नाही हो मी देतो" करतात ते प्रेमाचंच असतं, पण नवीन माणसाबरोबर ते करू नका, पहिल्या 'नको'लाच थांबा.

वाटून घ्यायचं ठरलं असेल तर एकाने पूर्ण भरावं आणि दुसऱ्याने तिथेच बसल्या बसल्या यूपीआय करावं, "नंतर पाठवतो" नको, नंतरचं राहून जातं आणि मग मागायला दोघांनाही अवघड वाटतं. पै-पैचा हिशोब करू नका, ७३५ झाले तर ३७० नाहीतर ३५० पाठवा. अपवाद एकच, एकाने दारू घेतली आणि दुसऱ्याने फक्त लिंबू सोडा, तर पिणाऱ्याने आपणहून म्हणावं की ड्रिंक्सचे माझे. समोरच्याला ते बोलायला लागू नये.

यूपीआय करताना एक बघा, तुमचा आयडी मोबाईल नंबरचाच असेल तर समोरच्याला नंबर कळतो, आणि बँकेतलं पूर्ण नाव तर दिसतंच. ॲपवर भेटलेल्या माणसाला अजून नंबर द्यायचा नसेल तर त्या दिवशी कॅश ठेवा नाहीतर नंबर नसलेला आयडी करून घ्या. आणि ज्यांचं खातं बाबांबरोबर जॉइंट आहे, पासबुक घरी सगळे बघतात, त्यांच्यासाठी यूपीआय लाईट, म्हणजे ॲपमध्येच थोडे पैसे आधी टाकून ठेवायची सोय, बरं पडतं, १,००० रुपयांपर्यंतचं एकेक पेमेंट त्यातून जातं आणि पासबुकात त्या प्रत्येक कॅफेचं नाव येत नाही.

बिल वाचायची सवय लावा. दोन कॉफी २२० ची एक, सँडविच २६०, झाले ७००, त्यावर साध्या हॉटेलात ५ टक्के जीएसटी म्हणजे ३५, एकूण ७३५. आता यात कोणी १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला आणि त्यावरही जीएसटी घेतला तर बिल ८०८ च्या वर जातं. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच हे सांगितलंय आणि मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. काढायला सांगायचं, शांतपणे, आवाज न चढवता, "हा काढून द्या प्लीज." नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे. पण पहिल्या भेटीत त्यावरून वेटरशी भांडण उकरून काढू नका, तो फक्त नोकरी करतोय, मॅनेजरला बोलवा. वेटरशी कसं बोलतो हे समोरचा माणूस बघत असतो, आणि बघायलाच पाहिजे.

आणि आता एक गोष्ट जी मला अगदी कळकळीने सांगायचीय. बिल भरलं म्हणजे समोरच्यावर कसलाही हक्क आला नाही. दुसऱ्या भेटीचा नाही, घरी सोडायला जायचा नाही, हात धरायचा नाही. मुलींनो, कोणी बिल भरल्यानंतर वागणं बदललं, "एवढा खर्च केला मी" असं काही तोंडातून निघालं, तर आपला अर्धा वाटा टेबलवर ठेवा आणि उठा. त्यासाठी पर्सच्या आतल्या कप्प्यात पाचशेची नोट कायम असू द्या, फोनची बॅटरी संपली, रेंज नाही, तरी ती नोट तुम्हाला घरी आणते. मुलांना पण हे लागू आहे, कोणी महागडं जेवण घालून तुमच्यावर दडपण आणत असेल तर तुम्हीही उठून जाऊ शकता.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर

इथे आळीपाळी सगळ्यात सोपी. यावेळी मी, पुढच्या वेळी तू. रक्कम सारखी असायची गरज नाही, एकाने जेवण दिलं आणि दुसऱ्याने पार्किंग, रिक्षा, पॉपकॉर्न, मस्तानी बघितली तरी वाटा उचललाच की. पगारात खूप फरक असेल तर भेटी पण तशाच वाटून घ्या, जास्तवाला महिन्यातून एकदा मोठं जेवण देईल, कमीवाला सारसबाग आणि भेळ. स्प्लिटवाइजसारखं खर्च वाटून मांडणारं ॲप मी तरी या टप्प्यावर वापरणार नाही, तीन भेटींत ॲपवर खातं उघडलं की दर रिक्षाचे वीस रुपये पण दिसायला लागतात. ते फ्लॅटमेटसाठी ठीक.

सलग तीन वेळा समोरचा पाकिटाला हातच लावत नाहीये असं झालं तर मनात ठेवू नका, मैत्रिणींच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायच्या आधी त्यालाच विचारा: "मागचे तीन वेळा मी दिले, यावेळी तू घेशील का? जमत नसेल तर तसं सांग, आपण साधं काहीतरी करू." यात आरोप नाही आणि त्याला खरं बोलायला जागा पण आहे. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाच्या घरी आजारपण असतं, आणि लोक ते लपवतात. उत्तर काय येतं त्याच्यापेक्षा कसं येतं ते बघा. आणि याच्या उलट, जो माणूस तुम्हाला कधीच देऊ देत नाही, त्याच्याशी पण बोला. सुरुवातीला छान वाटतं, पण पुढे कुठे जायचं, काय खायचं, किती वाजता निघायचं हे सगळं तोच ठरवायला लागतो आणि तुम्ही गप्प बसता कारण पैसे त्याचे. "मला पण द्यायचंय, मला त्याशिवाय मोकळं वाटत नाही" हे सांगा आणि पुढचं ठिकाण तुम्ही ठरवा.

कांदेपोह्यांनंतरची भेट

बायोडेटा जुळला, घरचे म्हणाले एकदा बाहेर भेटून घ्या, ही पण नवीन माणसाबरोबरची भेटच आहे, फक्त दोन्हीकडचे लोक घरी निकालाची वाट बघत बसलेले असतात. इथे अजूनही मुलाने द्यायचं असं धरलेलं असतं आणि मुलीने पाकीट काढलं की काही मुलं गोंधळतात. मुलींनो, तरी विचारा. मुलांनो, ती देते म्हणाली तर "आमच्यात असं नसतं" म्हणू नका.

इथे बिलापेक्षा मोठा पैशाचा विषय वेगळाच असतो. बायोडेटावर पॅकेज लिहिलेलं असतं, हप्ते लिहिलेले नसतात. बारा लाखांचं पॅकेज असतं पण हातात किती येतात, होम लोन किती, शिक्षणाचं कर्ज फिटलं का, आईबाबा अवलंबून आहेत का, बहिणीच्या लग्नाची जबाबदारी आहे का, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत स्वतःहून सांगा आणि मग विचारा. आधी आपलं सांगायचं हे महत्त्वाचं, म्हणजे चौकशी केल्यासारखं होत नाही. "माझा २२ हजारांचा हप्ता जातो अजून नऊ वर्षं, तुझं काय आहे?" लग्नानंतर मी माझ्या माहेरी पैसे पाठवणार आहे, हे मुलीने याच भेटीत सांगावं, साखरपुड्यानंतर नाही.

गिफ्ट आणि ट्रिप

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत गिफ्ट छोटं ठेवा, पुस्तक, कुंडीतलं रोप, आईच्या हातचे लाडू. महाग वस्तू दिली की समोरच्याला परतफेडीचं ओझं होतं. फोन, सोनं वगैरे तर नकोच. कायद्याचं पण एक आहे, नात्यात नसलेल्या माणसांकडून वर्षात मिळालेल्या पैशांची बेरीज ५०,००० च्या वर गेली तर ती पूर्ण रक्कम करपात्र होते, सोन्याच्या दागिन्यांनाही तशीच मर्यादा आहे, आणि बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड आयकराच्या व्याख्येतल्या नातेवाईकांत बसत नाहीत.

ट्रिपला मात्र आधी बसून आकडे लिहा, कागदावर नाहीतर फोनच्या नोट्समध्ये. तारकर्लीला दोन रात्री, होमस्टे, पेट्रोल, टोल, मासे, स्कुबा, सगळं धरून समजा ११,००० होतायत आणि एकाचा पगार ८०,००० दुसऱ्याचा ३०,०००, तर पगाराच्या प्रमाणात ८,००० आणि ३,००० होतात. दोघांना पटलं तर असं करा, अर्धे अर्धेच हवे असतील तर ३०,००० वाल्याला झेपेल अशी ट्रिप काढा, एक रात्र कमी, स्कुबा नाही. बुकिंगचे पैसे दोघांनी आधी टाकायचे, एकट्याने सगळं बुक करून ठेवलं आणि आठवडाभर आधी भांडण झालं तर रिफंड न मिळणारं सगळं त्याच्याच अंगावर. तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर काहीही परत येत नाही, हेही धरून चाला.

उसने मागितले तर

जेवढे परत नाही आले तरी तुमचा महिना कोसळणार नाही तेवढेच द्या. जास्त असतील तर बँकेतूनच द्या आणि मेसेजवर लिहून घ्या, "१५,००० उसने दिले, दिवाळीपर्यंत परत." २०,००० किंवा त्याच्या वर उसने रोखीत घेणं कायद्यात बसत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुमच्या नावावर त्याच्यासाठी लोन काढू नका, हप्त्यावर फोन घेऊन देऊ नका, जामीन राहू नका, ॲड-ऑन कार्ड देऊ नका. या सगळ्यात बँक तुमच्याकडे येते आणि सिबिल तुमचा खराब होतो, ब्रेकअप झालंय हे बँकेला ऐकायचं नसतं. "मी लोनच्या बाबतीत कोणालाच हो म्हणत नाही, भावाला पण नाही" हे वाक्य पाठ करून ठेवा.

फसवणूक कशी ओळखायची

ॲपवर एका मुलीशी ओळख होते, दोन दिवसात भेटायचं ठरतं, जागा तीच ठरवते आणि बदलायला अजिबात तयार होत नाही. तिथे गेल्यावर मेन्यूकार्ड नीट दाखवत नाहीत, ती पटापट ऑर्डर करते, मग फोन येतो म्हणून निघून जाते आणि तुमच्यासमोर वीस-तीस हजारांचं बिल. मुंबई आणि दिल्लीत २०२४ मध्ये असे प्रकार बातम्यांत आले होते. पहिल्या भेटीची जागा तुमच्या ओळखीची ठेवा, नाहीतर आधी त्या जागेचे रिव्ह्यू वाचा, आणि भाव बघितल्याशिवाय काही मागवू देऊ नका. अडकलातच तर सविस्तर बिल मागा, दमदाटी झाली तर ११२ ला फोन करा, आणि द्यावेच लागले तर कॅश न देता यूपीआय किंवा कार्डने द्या म्हणजे पैसे कोणाच्या खात्यात गेले ते राहतं.

दुसरा प्रकार न भेटताच होतो. परदेशातला डॉक्टर, इंजिनियर, मॅट्रिमोनी साईटवर महिनाभर गोड बोलणं, मग गिफ्टचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय म्हणून फोन. नाहीतर "मी यात गुंतवते, तू पण टाक" म्हणून ट्रेडिंगची, क्रिप्टोची लिंक, सुरुवातीला हजाराचे बाराशे परत पण मिळतात. न भेटलेल्या माणसाला एक रुपया पाठवायचा नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की पैसे तुमचेच जाणार.

गेलेच पैसे तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, त्याच तासात केला तर पुढच्या खात्यात पैसे गोठवले जायची शक्यता जास्त असते. ट्रान्झॅक्शन आयडी, प्रोफाईलचे स्क्रीनशॉट, चॅट सगळं जपून ठेवा, राग येऊन ब्लॉक आणि डिलीट करू नका. बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. बरेच जण इथेच थांबतात कारण डेटिंग ॲपवर होतो हे घरी कळेल याची भीती. एका मित्राला नाहीतर बहिणीला बरोबर घेऊन जा पोलिस स्टेशनला, पण जा, आणि आजच जा.